कामाची जागा निवडताना

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद.

काल तू विचारलंस, "आई, कुणाशी बोलावंच लागणार नाही असं काम असतं का गं?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

असं काम शोधू नकोस. समाजभयाचं, म्हणजे लोकांसमोर बोलण्या-वागण्याच्या या तुझ्या भीतीचं, असं असतं की प्रसंग टाळला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि टाळलं म्हणूनच वाचलो अशी मनाची खात्री पटते. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. कायम एकटीनं करायचं काम सुरुवातीला सुखाचं वाटेल. पुढे साधं दार उघडणंही जड जाऊ शकतं. "विक्रीच्या कामाला लाव, भीड आपोआप चेपेल" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नकोस. भीड चेपते ती सोप्या प्रसंगापासून पायरीपायरीनं. उपचारातही हेच करतात.

माणसं किती भेटतील यापेक्षा कशी भेटतील ते बघ. शेजारच्या काकांचा संगणक अडला तेव्हा तू त्यांना कितीतरी वेळ समजावत होतीस. मध्येच त्यांचा हात बाजूला करून माउस तू घेतलास, आवाज जराही कापला नाही. दोघांचे डोळे पडद्यावर होते. तेच काका जिन्यात "काय, कसं चाललंय?" म्हणाले की तुझ्या तळहातांना घाम फुटतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये या भीतीचं जे स्पष्टीकरण मांडलं, त्याच्या गाभ्याशी हेच आहे: सगळं लक्ष स्वतःकडे वळतं, मी कशी दिसतेय, आवाज कापतोय का, आणि समोरचा काय म्हणतोय तेच निसटून जातं.

म्हणून दोघांच्या मध्ये एखादी वस्तू असेल असं काम तुला मानवेल. प्रयोगशाळेतले नमुने, नकाशे, हिशेबाच्या वह्या, ग्रंथालयातली नोंदणी, मुद्रितशोधन, यंत्रांची दुरुस्ती. यातलं तुला आवडेल तेच घे. भीतीला सोयीचं म्हणून नावडतं काम गळ्यात बांधून घेऊ नकोस. रोज तीच चार माणसं असतील तर ती हळूहळू सवयीची होतात, रोज नवी आली की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. स्वतंत्रपणे घरून कामं घ्यायचा विचार तू बोलून दाखवलास, पण त्यात गिऱ्हाईक शोधणं, दर ठरवणं, थकलेल्या पैशांसाठी मागे लागणं हे सगळं एकटीच्या अंगावर येतं. सध्या तरी मला ते पटत नाही.

मुलाखतीचा मला रागच येतो. टेबलापलीकडे दहा तास मुकाट्यानं उत्तम काम करणारी मुलगी तिथे अर्ध्या तासाच्या बोलण्यावर तोलली जाते. जिथे कामाचा नमुना किंवा लेखी चाचणी घेतात अशा जागा आधी बघ. केलेल्या कामाची फाइल बरोबर ने आणि लवकर उघड, म्हणजे त्यांच्या नजरा कागदाकडे जातील. उत्तरं पाठ करू नकोस, नाहीतर बोलताना पाठांतर तपासण्यातच लक्ष अडकतं. पहिलं वाक्य तेवढं मोठ्यानं म्हणून ठेव. आणि घरी आल्यावर रात्रभर तेच तेच उगाळत बसायची तुझी सवय मला माहीत आहे. काय विचारलं ते दोन ओळींत लिहायचं आणि वही मिटायची.

आजाराचं नाव तिथे सांगायचं की नाही, ते तू ठरव. नाव न घेताही "बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून मिळाले तर मी जास्त चांगली तयारी करते" असं म्हणता येतं. नोकरी लागली म्हणून समुपदेशन मात्र बंद करू नकोस, खरी गरज पहिल्या काही महिन्यांतच पडेल. नातेवाईक बुजरी म्हणतात तर म्हणू देत. मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत हा विकार 1980 पासून स्वतंत्रपणे नोंदलेला आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

तू पाठवलेल्या दोन जाहिरातींपैकी स्वागतकक्षाची सोडून दे. प्रयोगशाळेच्या जागेबद्दल मेलवर विचार: फोन कोण घेतं, बसायची जागा कुठे, रोज किती नवे लोक येतात, काम शिकवायला कोण असेल. मसुदा मला दाखवायला थांबू नकोस, आजच पाठव.

तुझी,
आई