तक्रार पत्र: सबवूफर घुमतोय पण बातम्या ऐकू येत नाहीत, सेट बदलून द्या नाहीतर पैसे परत करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २.१ साउंडबार आणि सबवूफर, बोलणं ऐकू न येणं, बासचं सेटिंग न टिकणं, खोक्यावर छापलेले वॅट आणि न सोडवताच बंद केलेली तक्रार

नमस्कार,

तुमचा बजेटमधला २.१ साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, डावा-उजवा आवाज त्यातूनच), सोबत वायरवाला सबवूफर (बास म्हणजे खालचा घुमणारा आवाज काढणारा डबा), असा सेट आम्ही ऑनलाइन सेलमध्ये घेतला. बिलाची कॉपी, सीरियल नंबरचा फोटो आणि मोबाइलवर काढलेले व्हिडिओ या मेलला जोडलेत. एक आधीच सांगते, तुमच्या कस्टमर केअरने फोनवर जे जे करायला सांगितलं ते सगळं करून झालंय, त्यामुळे टीव्ही बंद करून चालू करा, वायर काढून लावा, फॅक्टरी रीसेट मारा हे उत्तर परत कॉपी पेस्ट करून पाठवू नका प्लीज.

घेतला कशासाठी ते आधी वाचा, कारण तुमच्याकडे कोणी ते विचारतच नाही. आम्ही भांडुपला राहतो, वन बीएचके, हॉल छोटा, खिडकी रस्त्यावर, म्हणजे हॉर्न आणि रिक्षांची टरटर दिवसभर, वर फुल स्पीडला पंखा. नवीन टीव्ही पातळ आहे, त्याचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून, त्यामुळे आवाज स्टँडवर आपटून येतो. माझ्या सासऱ्यांना ऐकायला थोडं कमी येतं. ठार बहिरे नाहीयेत हो, पण वय झालं की वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जायला लागतात, मग स, फ, त, क अशी अक्षरं निसटतात आणि माणूस म्हणतो आवाज येतोय पण काय बोलतायत ते कळत नाही. तर आम्हाला धमाका नको होता, बोलणं कळायला हवं होतं, एवढंच. तुमच्या जाहिरातीत पहिल्याच फोटोवर डायलॉग एकदम क्लियर असं लिहिलेलं आणि रिमोटवर व्हॉइसचं वेगळं बटण दाखवलेलं, ते बघून घेतला.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. बातम्या लावल्या आणि बाई बातम्या देत असेल तर बऱ्यापैकी टीव्हीच्या दिशेने आवाज येतो. पुरुष निवेदक आला की त्याचा अर्धा आवाज बारमधून आणि अर्धा कोपऱ्यात शोकेसखाली ठेवलेल्या सबवूफरमधून. अक्षरशः माणूस टीव्हीत आणि त्याचं पोट कोपऱ्यात. सासरे पहिल्या दिवशी वळून कोपऱ्याकडेच बघत होते. माझा दीर साउंडचं काम करतो, गणपतीच्या सीझनला त्याला बोलायला फुरसत नसते, त्याने येऊन कान लावला आणि सांगितलं की बारमधले स्पीकर इतके छोटे आहेत की त्यांना खालचे सूर झेपतच नाहीत, म्हणून कंपनीने ते सगळं सबवूफरवर ढकललंय. खरा सबवूफर साधारण ८० हर्ट्झच्या (हे आवाजाच्या पट्टीचं माप, आकडा कमी तेवढा आवाज खालचा) खालचं काम करतो, तेवढा खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही म्हणून डबा कुठेही ठेवला तरी चालतं. पण पुरुषाच्या आवाजाचा पायाच साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, तो सबवूफरमध्ये घुसला की लगेच कळतं. म्हणजे ही माझ्या कानांची तक्रार नाही, सेट बनवतानाच कुठला आवाज कुठल्या डब्यातून काढायचा ते चुकीचं ठरवलंय.

आणि ते व्हॉइसचं बटण. दाबलं की सगळंच चिरकं होतं, डबा पत्र्याचा झाल्यासारखा, पण कोपऱ्यातली घूं घूं तशीच राहते. बोलणं उचलायचं तर खालचा आवाज कमी व्हायला नको का? २.१ मध्ये मधला स्पीकर नसतो हे मला माहितीये, सिनेमाच्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आवाजात संवाद मधल्या चॅनलला असतात आणि तुमचा बार ते डावी-उजवीकडे वाटून टाकतो, त्यामुळे महागड्या सेटसारखं होणार नाही हे मान्य. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार डॉल्बीवरून साध्या पीसीएमवर टाकून पण बघितला, किंचित फरक. स्वस्तातली वस्तू आहे, तेवढी समज आम्हाला आहे, पण मग फोटोवर क्लियर डायलॉग लिहू नका ना.

खरा वैताग पुढे आहे. रिमोटवर बास कमी-जास्त करायचं बटण आहे, मी ते एकदम खाली, उणे ५ वर नेऊन ठेवते, मग सासऱ्यांना बऱ्यापैकी कळायला लागतं. पण तुमचा बार काही वेळ आवाज कमी असला की स्वतःच झोपतो. रात्री साडेदहानंतर आम्ही व्हॉल्यूम अगदी हळू ठेवतो, त्याला वाटतं काही चालूच नाही, आणि मालिकेच्या मधेच बंद. परत चालू केला की बास पुन्हा मूळ सेटिंगला, म्हणजे फुल घुमणार. बारला डिस्प्ले नाही, एक बारीक लाइट आहे, निळा म्हणजे ब्लूटूथ, हिरवा म्हणजे ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणारी वायर), पांढरा म्हणजे एचडीएमआय, बास किती आहे हे तो लाइट काय सांगणार कप्पाळ, त्यामुळे अंधारात बटणं मोजत बसायचं. वीज वाचवायला असं आपोआप बंद होणं बऱ्याच उपकरणांत असतं, युरोपात तर तसा नियमच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण ते बंद करायची सोय द्या, निदान उठल्यावर आधीचं सेटिंग तरी लक्षात ठेवा. साधा मिक्सरही नसेल एवढी विसरभोळी वस्तू.

बिल्डिंग जुनी आहे. बास हवेतून कमी आणि लादीतून जास्त जातो, सबवूफरखाली जाड रबरी मॅट घालून बघितली तरी खालच्या मजल्यावर जायचा तो जातोच. खालच्या काकू एकदा रात्री वर आल्या, अहो एवढ्या रात्रीचं काय ठोकताय म्हणून. ठोकत कोणी नव्हतं, क्राइम मालिकेत दार उघडायचं म्युझिक चालू होतं. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे सोसायटीच्या नोटिस बोर्डावर लावलेलं आहे आणि आता त्या कागदाकडे सेक्रेटरी माझ्याकडे बघूनच बोट दाखवतात.

टीव्हीला जोडणीचं पण सांगते. बार आम्ही एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनेच बारकडे पाठवायची सोय) जोडलाय, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टमध्येच, सीईसी (टीव्हीच्या रिमोटने बारही चालावा म्हणून असतं ते सेटिंग) चालू आहे, वायर दुसरी पण लावून बघितली. (वायर तुम्ही देत नाही, खोक्यावरच्या फोटोत मात्र आहे.) टीव्ही पूर्ण बंद करून परत लावला की बऱ्याचदा बार सापडतच नाही, आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून यायला लागतो, मग बारची पिन काढून घालायची. सत्तरीच्या माणसाने टीव्हीमागे वाकून हे करायचं का? केअरवाल्यांनी सांगितलं ब्लूटूथने जोडा. जोडला. तर बॅट्समनने फटका मारल्यावर बॉल पुढे जातो आणि टक आवाज नंतर येतो, बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून. ज्यांना ऐकायला कमी येतं ती माणसं ओठ बघून अंदाज बांधतात हो, त्यांना हे म्हणजे आणखीनच गोंधळ. ऑप्टिकलने त्यातल्या त्यात नीट चालतं, पण मग टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, दोन रिमोट घेऊन बसायचं. मग एआरसीचे पैसे कशाचे घेतले?

आता वॅट. खोक्यावर ठळक अक्षरात १२० वॅट आरएमएस छापलंय. पिन काढताना अडॅप्टरवरचं बारीक प्रिंट वाचलं: आउटपुट १८ व्होल्ट, २.५ अँपिअर. गुणाकार केला तर ४५ वॅट. सबवूफरला वेगळी पॉवर नाही, त्याला बारमधूनच वायर जाते, म्हणजे सगळ्या सेटच्या पोटात जाणार जास्तीत जास्त ४५ आणि बाहेर सतत येणार १२०? क्षणभराच्या धमाक्याला आतले वीज साठवणारे कपॅसिटर मदत करतात हे दिराने सांगितलं, ठीक, मग पीक, म्हणजे क्षणभराची पॉवर, असं लिहा. आरएमएस म्हणजे सतत देता येणारी पॉवर असंच गिऱ्हाईक समजतं आणि तुम्हालाही ते माहिती आहे. ॲम्प्लिफायर कितीही चांगला असला तरी थोडी वीज गरम होण्यात जातेच, म्हणजे चाळीसच्या आसपास आले. आमच्या हॉलला चाळीस वॅट धो धो पुरतात, मला जास्त नकोच आहेत, पण नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे (क्षणभराचे, फुगवून सांगितलेले) हजार-हजार वॅट छापायचे तसला प्रकार आज परत कशाला? लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फोटो दाखवला तर तिथला माणूस नुसता हसला.

तुमचे इंजिनिअर आले त्यांचं तर काय सांगू. आल्या आल्या पहिला प्रश्न, साहेब नाहीत का घरी? म्हटलं तक्रार मी केलीय, मला विचारा. त्यांनी टीव्ही लावलाच नाही, खिशातला मोबाइल काढला, ब्लूटूथवर ढिंच्यॅक गाणं लावलं, बास बघा मॅडम काय आहे, एकदम ओके पीस आहे म्हणाले. मी बातम्या लावायला सांगितल्या तर तो टीव्हीचा प्रॉब्लेम. आपोआप बंद होण्याचं विचारलं तर सगळ्याच पीसला असंच आहे म्हणे. म्हणजे एकट्या माझ्या नाही, सगळ्यांच्याच घरी हे होतंय आणि तुम्हाला ते ठाऊक आहे, असंच ना? वर ओटीपी मागितला, नाही दिला तर व्हिजिट लागत नाही म्हणाले. काम झालेलं नाही तर ओटीपी कशाचा, म्हणून मी दिला नाही. तरी संध्याकाळी मेसेज, तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, आम्हाला पाच स्टार द्या. ओटीपीशिवाय तक्रार बंद कशी झाली याचं उत्तर मला लेखी हवंय, बाकी काही नाही दिलं तरी हे द्या.

ज्या ॲपवरून घेतला ते म्हणतात सात दिवसांची मुदत संपली, आता कंपनीशी बोला. तुम्ही म्हणता विक्रेत्याशी बोला. ही टोलवाटोलवी बंद करा, वॉरंटी कार्डावर नाव तुमचं आहे आणि वर्ष अजून संपलेलं नाही.

चांगलं आहे ते पण लिहिते, उगाच सगळ्यालाच नावं ठेवायची सवय नाही मला. दिसायला सुबक आहे, टीव्हीच्या पायांमध्ये नीट बसतो, भिंतीला लावायचे क्लॅम्प सोबत आले. दुपारी गाणी लावली की छान वाटतं, तबला डग्गा भरदार वाजतो, मुलगा तर खूश आहे. साडेसहा हजारात गाणी आणि मारामारीचे सिनेमे एवढंच ज्याला हवंय त्याने घ्यावा. पण ज्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांना बोलणं ऐकू यावं म्हणून साउंडबार शोधतायत त्यांना तुम्ही हा विकू नका. माझ्या मैत्रिणीकडे मुलुंडला सबवूफर नसलेला साधा बार आहे, किमतीला जवळपास तेवढाच, त्याच्यावर सासऱ्यांनी पूर्ण बातम्यांचं बुलेटिन ऐकलं आणि एकदाही काय म्हणाला विचारलं नाही.

तर माझं म्हणणं असं. बासचं सेटिंग टिकेल आणि आपोआप झोपणं बंद करता येईल असं सॉफ्टवेअर अपडेट असेल, मागे यूएसबी पोर्ट आहेच, तर ते द्या आणि एआरसी चालत नसलेला हा पीस बदलून द्या. तसं अपडेट नसेल तर याच्या बदल्यात तुमचाच सबवूफर नसलेला मॉडेल चालेल, वरचे थोडे पैसे पडले तर मी भरेन, कमी पडले तर तुम्ही परत करा. दोन्ही जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत. कूपन नको, ॲपचं वॉलेट नको, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो, ते ॲपवाल्यांनाही मी याच मेलमध्ये कॉपी केलंय. तुमच्याकडून उत्तर आलं नाही तर १९१५ ला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणार आणि तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने गिऱ्हाईक राहतं तिथेच केस टाकता येते, म्हणजे मला तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही, आमच्या उपनगर जिल्ह्याच्या आयोगाचं ऑफिस वांद्र्याला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पण लागत नाही. १२० वॅटचा विषय मी तिथे दिशाभूल करणारी जाहिरात म्हणूनच मांडणार, अडॅप्टरचा आणि खोक्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवून.

खोकं, थर्माकोल, रिमोट, क्लॅम्प सगळं जपून ठेवलंय. माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, सकाळी अकरानंतरची वेळ द्या, आणि जो येईल त्याला सांगून पाठवा की मोबाइलवर गाणं लावायचं नाही, टीव्हीवर बातम्या लावायच्या आणि सासऱ्यांच्या खुर्चीत बसून ऐकायच्या.

आपली,
एक ग्राहक
भांडुप (पश्चिम), मुंबई

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, अडॅप्टर आणि खोक्याचे फोटो, एआरसी सुटतानाचा आणि बास परत वाढतानाचा व्हिडिओ, तक्रार सोडवली असा आलेला मेसेज