प्लाय कापण्याआधी तुमची मापं हवीत

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

आपल्या सगळ्यांना प्रवासात राहता-झोपता यावं म्हणून ट्रॅव्हलर मिनीबसचं फिरतं घर करून घेतेय, त्यातलं पत्र्याचं काम उरकलं, खिडक्या बसल्या. सोमवारपासून सुतार प्लाय कापायला घेईल. त्याआधी तुमची काही मापं हवी आहेत, ती शेवटी लिहिते. फोनवर बाबांनी वायरिंगचं विचारलं आणि आईने बाथरूमचं. घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. बाबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये तुमचं आयुष्य गेलंय, तेव्हा जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करा.

आधी कागदपत्रं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी एआयएस-१२४ हे वेगळं भारतीय वाहन-मानक आहे. म्हणून काम गाडीची बॉडी बांधणाऱ्या, मंजूर नमुना असलेल्या कारखान्याकडेच दिलंय. काम संपलं की आधी आरसीवर नोंद आणि मग विमा कंपनीला लेखी कळवायचं. सीट काढून पलंग ठोकले आणि कागदावर काहीच नाही, अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात.

आपण पाचजण, म्हणून पाच सीट पुढे तोंड केलेल्या, पट्ट्यासकट, थेट चॅसीला पकडलेल्या. आई, गाडी चालू असताना पलंगावर कुणीही आडवं व्हायचं नाही, पाठ कितीही दुखली तरी. त्याऐवजी दर दोन तासांनी थांबू.

वजनाकडे फार लक्ष द्यावं लागतंय. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची मरीन प्लायची एक शीट ३५ किलोच्या पुढे भरते, १२ मिलिमीटरची साधारण २५ किलो. म्हणून १८ ची फक्त पलंगाच्या चौकटीला, बाकी सगळीकडे १२ ची, आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) चा शिक्का बघूनच. बॅटरी आणि पाण्याची टाकी दोन्ही ॲक्सलच्या मधे बसवतोय. जड सामान मागच्या ॲक्सलच्याही मागे गेलं की पुढची चाकं हलकी पडतात, आणि आंबा घाटात उतरताना स्टिअरिंगला पकड राहत नाही. सगळं भरून झालं की वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घेणार, आणि टायरमधली हवा त्यावरून ठरवणार.

सुताराला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. घरातल्या कपाटासारखा प्लायच्या कडेत स्क्रू मारला तर तो गाडीच्या थरथरीने हमखास सैल होतो. इथे सांध्याला गोंद, आतून लोखंडी कोन आणि बोल्टला नायलॉक, म्हणजे थरथरीने न सुटणारे नट. कपाटं पत्र्याला नाही, तर बॉडीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांना एम-८ रिव्हनटने (पत्र्यात रिव्हेटसारखा बसणारा, आटे असलेला नट) धरायची. ड्रॉवरना चुंबक चालत नाहीत, पहिल्याच वळणाला उघडतात. दाबून बंद होणारी कुलपं लावतोय.

आता वायरिंग. बाबा, हे तुमच्यासाठी. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २५०० वॉट-तास. १००० वॉटच्या इंडक्शन शेगडीला घरी २३० व्होल्टवर साडेचार अँपिअर पुरतात. तीच शेगडी इन्व्हर्टरमधून बॅटरीवर चालवली की बॅटरीतून नव्वदच्या आसपास अँपिअर ओढले जातात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच २०० अँपिअर-तासाच्या बॅटऱ्यांच्या आतलं बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) मात्र १०० अँपिअरचंच असतं. शेगडी १५०० वर नेली की ते सगळा पुरवठा तोडतं, लोक इन्व्हर्टर बिघडला समजून तो बदलत बसतात. आपण २०० अँपिअर बीएमएसची बॅटरी घेतली आहे. इन्व्हर्टर १५०० वॉटचा, शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा. त्याला ५० चौरस मिलिमीटरची बारीक तारांची तांब्याची केबल, लांबी एक मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या धन टोकाला लागूनच २०० अँपिअरचा क्लास-टी फ्यूज. शॉर्ट झाला तर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर ओतते, तेवढा प्रवाह साधा फ्यूज सुरक्षितपणे तोडू शकेल याचा भरवसा नाही.

गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या यंत्रावरून, ही बॅटरी सरळ जोडायची नाही. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट खेचते आणि अल्टरनेटर तापून जळतो. म्हणून मधे करंटला मर्यादा घालणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, १६ चौरस मिलिमीटर केबल, दोन्ही टोकांना ६० अँपिअरचा फ्यूज. दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, त्यामुळे मधेच वायर घासली तर करंट दोन्हीकडून येऊ शकतो. तासाला साधारण ४०० वॉट-तास भरतात, म्हणजे पुण्याहून कोल्हापूर गाठेपर्यंत निम्म्याहून जास्त बॅटरी भरलेली असेल. टपावर २०० वॉटची दोन सोलर पॅनल, समांतर जोडलेली, म्हणजे एकावर झाडाची सावली आली तरी दुसरं काम करेल. पॅनल आणि टप यांत ४० मिलिमीटर फट ठेवलीय, तापलेलं पॅनल कमी वीज देतं. उन्हाळ्यात दिवसाला सव्वा ते दीड किलोवॉट-तास मिळतील. पावसाळ्यात फारच कमी, तेव्हा भिस्त चार्जरवरच.

विजेच्या रोजच्या खर्चाचा हिशेब वॉट-तासांत असा: फ्रिज ५००, अर्धा तास शेगडी ५५०, रात्रभर टपावरचा पंखा २५०, फोन-लॅपटॉप १५०, दिवे आणि पंप मिळून ११०. रोजचे १५६० वॉट-तास. ऊन अजिबात नाही मिळालं तरी दीड दिवस निघतो. आई, एसी उभ्या गाडीत चालणार नाही. छोटा घेतला तरी ही बॅटरी तीन-चार तासांत संपवेल. रिसॉर्टच्या आवारात गाडी लावली तर बाहेरून वीज घ्यायला सॉकेट आहे, आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा करंट दिसताच वीज तोडणारा स्विच.

वायरच्या टोकांचे सगळे लग (जोडायच्या धातूच्या टोप्या) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले. सोल्डर केलेली तार जोडाच्या तोंडाशी कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते. पत्र्यातून जिथे वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेचं कडं), आणि ऋण वायर चॅसीवर न सोडता वेगळी ओढलीय. हे गेल्या आठवड्यात टॉर्च मारून एकेक तपासलं. मागच्या दाराशी दोन छिद्रांत ग्रोमेट राहिले होते, ते बसवून घेतले.

गॅस घेतला नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर साचतो, आणि तुमचा पलंग खालचाच. दाराजवळ दोन किलोचं एबीसी अग्निशामक, आणि मागचं दार आतून उघडणारं. ते कसं उघडायचं ते पहिल्याच दिवशी दोघांनी हाताने करून बघायचं.

आई, बाथरूमचं. कॅसेटचा, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करता येणारा, छोटा संडास बसतोय, टाकी २० लिटरची. रात्रीपुरता वापरला तर तीनेक दिवस जातो, मग सार्वजनिक शौचालयात रिकामा करायचा. हे संडास बसके असतात, बाबांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, म्हणून खाली चौथरा करून बैठक ४५ सेंटिमीटरवर आणतोय. दोन्ही बाजूंना पकडायला दांडे. त्यात फिनेल किंवा ब्लीच घालायचं नाही, रबरी सील खराब होतात. सीलला व्हॅसलिन किंवा खोबरेलही नको, फक्त सिलिकॉन स्प्रे. पलंगापासून तिथपर्यंत जमिनीलगत मंद दिवे, रात्री पाय खाली ठेवला की आपोआप लागणारे.

पाण्याची टाकी ८० लिटर, खाद्यवापराच्या प्लॅस्टिकची. टाकीला छिद्रं पाडताना निघालेला कीस आत राहिला तर तो पंपाच्या झडपेत अडकतो. मग नळ बंद असला तरी पंप घरघरत राहतो आणि बॅटरी उतरते. म्हणून टाकी दोनदा धुऊन घेतली आणि पंपाआधी जाळी लावली. सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिक पाइपचे चिकटवलेले जोड टाळलेत, थरथरीने तडकतात. त्याऐवजी आत दोऱ्याची वीण असलेला लवचीक पाइप आणि क्लिपा. सांडपाण्याची टाकी ६० लिटरची, रस्त्यावर सोडायचं नाही.

कोकणातल्या दमटपणाची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. पाचजण बंद गाडीत झोपले की श्वासातूनच रात्रीत लिटरभर पाणी हवेत जातं आणि थंड पत्र्यावर जमतं. काचलोकर घातली असती तर ती भिजून आतून गंज धरला असता, म्हणून बंद पेशींचा २५ मिलिमीटरचा फोम, पत्र्याला पूर्ण चिकटवून, आधी टपाला. दाराच्या तळातली पाणी निथळायची भोकं उघडीच ठेवलीत. टपावरचा पंखा पाऊस असला तरी मंद चालू ठेवायचा आणि खिडकी दोन बोटं उघडी. गादीखाली फळ्यांची जाळी आहे, प्लाय सलग नाही. टपावरच्या प्रत्येक छिद्राला ब्युटाइल टेप आणि पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन लावलं की पुन्हा त्यावर काही चिकटत नाही.

बाबांचं इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, थर्मामीटरशेजारी. २ ते ८ अंशांत राहायला हवं. कडेच्या गार पत्र्याला टेकलं तर गोठतं, आणि एकदा गोठलेलं परत वितळलं तरी वापरायचं नाही, फेकायचं. त्याला वेगळा डबा करतोय, हलणार नाही असा.

आता मापं. बाबा, घरात चप्पल घालून ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं, तिची जमिनीपासून उंची मोजा, पलंग तेवढाच करते. जिन्याची कोणती पायरी चढताना गुडघा दुखत नाही तेही बघा, मला वाटतं १८ सेंटिमीटरच्या वर नको. आई, तू टाचा न उचलता हात वर करून कपाटाचं दार कुठवर उघडू शकतेस ते खडूने भिंतीवर आखून मोज, आणि इन्सुलिनच्या डब्याची लांबी-रुंदी-उंची लिही. शनिवारपर्यंत व्हॉट्सॲपवर आकडे आले की सुताराला चौकटीचं माप देते.

तुमची,
मनू