कानफाटीचं पिल्लू गेलं

प्रिय बंड्या,

सात महिने पत्र नाही. तुझे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत. सबब सांगत नाही, चुकलंच. तब्येत बरी आहे. मध्ये ताप येऊन गेला, आता काही नाही.

कानफाटीचं पिल्लू गेलं. दुसऱ्या कुणाला हे लिहायचं तर आधी कानफाटी म्हणजे आपल्या टोळीतली वानरीण, हे सांगत बसावं लागलं असतं.

नवा हुप्प्या आलाय. म्हाताऱ्याला त्याने चार दिवसांत टोळीतून हुसकून लावलं. पुढचं तुला ठाऊकच आहे. सुगियामांनी १९६२ साली धारवाडच्या वानरांत पाहिलं तेच: नवा हुप्प्या तान्ही पिल्लं मारतो. हर्डीबाईंनी अबूला त्यामागचा हिशेब मांडला: अंगावर पिणारं पिल्लू मेलं की आई लवकर माजावर येते, आणि हुप्प्याच्या हाती टोळी कायमची नसते. मी हे परीक्षेत लिहिलंय, पोरांना शिकवलंय. पण ते पिल्लू जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून मी ओळखत होतो रे.

त्या सकाळी माझं फोकल, म्हणजे ठरलेला वेळ एकाच वानरावर नजर ठेवून नोंद करणं, दुसऱ्याच मादीवर चालू होतं. दहा मिनिटांपैकी सहा झाली होती. किंचाळी ऐकली आणि मी तो तक्ता तसाच टाकून कानफाटीमागे पळालो. ऑल्टमनबाईंचा १९७४ चा निबंध तू मला घोकून घ्यायला लावला होतास. ज्याची पाळी त्याच्यावरच नजर, शेजारी काहीही घडो. मला सगळं आठवत होतं, तरी पळालो.

दोन दिवस ती मेलेलं पिल्लू घेऊन हिंडली. पहिल्या दिवशी मी वहीत लिहिलं: ‘शोकामुळे टोळीच्या मागे राहते.’ संध्याकाळी ते वाचताना तुझाच आवाज कानात आला, ‘शोक कुठे दिसला? दाखव.’ म्हणून दुसऱ्या दिवशी नुसते तिचे हात पाहिले. जिवंत पिल्लू पोटाला स्वतः घट्ट धरतं, आईचे चारही पाय मोकळे राहतात. मेलेलं धरत नाही. एका हातात ते सांभाळायचं म्हणजे ती तीनच पायांवर चालणार. मागे पडेल नाही तर काय! मी स्वतःला चांगलंच फैलावर घेतलं. मग दुपारी तिने ते सावलीत खाली ठेवलं. माशा बसल्या, त्या हाताने हाकलल्या. टोळी पुढे निघाली. आता तिचे हात रिकामे होते, पाय मोकळे होते. ती दहा-बारा पावलं गेली, वळून पाहिलं, परत आली. असं पाच वेळा. बंड्या, याला तीन पायांचा हिशेब लागू होत नाही. आणि पहिल्या दिवशी माझ्या पोटात कालवलं नसतं, तर दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातांकडे इतकं टक लावून पाहिलंच नसतं.

आपलं ते जुनं भांडण आठवतंय ना? नाव की क्रमांक? तू केंब्रिजची बाजू घ्यायचास, गुडॉलबाईंना ज्यांनी चिंपांझींना नावं दिली म्हणून सुनावलं त्यांची. मी जपानच्या कोशिमा बेटावरच्या इमो माकडिणीला पुढे करायचो: १९५३ साली तिने रताळं पाण्यात धुतलं, आणि ती सवय तिच्याकडून कुणाकुणाकडे गेली हे कळलं, कारण त्या जपान्यांना एकेक माकड चेहऱ्याने ठाऊक होतं. कावाईंचा ‘क्योकान’ शब्द मी तुला इतक्यांदा ऐकवला की तू चिडून जेवणावरून उठला होतास. प्राण्याच्या भावनेशी आपली भावना जुळू द्यायची आणि त्यातूनच त्याला ओळखायचं, ही पद्धतच आहे, लाड नव्हे, असं मी म्हणायचो. आणि तू? ‘पाच नंबर’च्या शेपटीवर पाय पडला तेव्हा ‘सॉरी हं, पाच’ म्हणालास. ते मी अजून सगळ्यांना सांगतो.

आजही मी त्याच मताचा आहे. पण मला जे छळतंय ते वेगळंच आहे.

त्यानंतरचे तीन दिवस मी आणि सहायकाने एकाच वेळी, एकमेकांचं न पाहता, हुप्प्याच्या धमक्या मोजल्या. दात करकरणं, रोखून बघणं, अंगावर धावणं, सगळं ठरल्याप्रमाणे. माझ्या चौदा, त्याच्या नऊ. रोज माझ्याच जास्त. जुन्या हुप्प्याच्या वेळी आमचे आकडे कधी एक-दोनच्या वर हलले नव्हते. म्हणजे तो नुसता मान वळवून बघत होता, तेही मी धमकी म्हणून लिहिलं. मला त्याचा राग आला होता. कानफाटीच्या जागी जाऊन बघायला मला जमलं, त्याच्या जागी एकदाही गेलो नाही. मग माझी ती पद्धत कुठे राहिली? ती कानफाटीची बाजू झाली.

परवापासून मी फक्त त्याच्याजवळ बसतोय. तो सारखा टेकडीकडे बघतो. तिथे पाच-सहा एकांडे नर आहेत. झोपेतसुद्धा हूप ऐकला की ताडकन उठतो. उजव्या मांडीवर खोल जखम आहे, ती चाटत बसतो. हे सगळं पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. माझ्या वहीत एक ओळ नाही.

मुलीचं बारसं झालं ना? फोटोत अगदी वहिनींसारखी दिसते. काकूंचा गुडघा कसा आहे? नवी नोकरी मानवतेय हे ऐकून बरं वाटलं, सविस्तर लिही.

सोबत त्या तीन दिवसांच्या चित्रफिती पाठवतोय. पन्नास तुकडे आहेत, जुन्या हुप्प्याचेही त्यात मिसळलेत. कुठला कोण ते लिहिलेलं नाही, क्रमही पिसून टाकलाय. फक्त धमक्या मोज आणि आकडे पाठव. टोळीतले जुने नर तू पाहिलेस त्याला सहा वर्षं झाली, हे दोघेही तुझ्यानंतरचे. वानर वाचता येतं पण यांच्यातला एकही ओळखीचा नाही, असा माणूस मला तुझ्याशिवाय दुसरा सापडत नाही.

तोवर तीन दिवसांचे ते तक्ते मी बाजूला ठेवलेत. फाडलेले नाहीत.

तुझाच,
बाळ्या