बारशाआधी नावांची यादी

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, वहिनीने मोबाइलवरून काढलेली नावांची यादी मिळाली. नावं छान आहेत, पण अर्थांवर भरवसा ठेवू नका. एका ठिकाणी चुकीचं छापलं की बाकीचे तेच उतरवतात. तिथेच मुलांच्या नावांत ‘आरव’ म्हणजे ‘शांत’ असं दिलंय. रव म्हणजे आवाज, आरव म्हणजे गलका!

वहिनीला आवडलेलं ‘अनाया’ घ्या. बायबलात अनाया हा पुरुष आहे, हिब्रूत अर्थ ‘देवाने उत्तर दिलं’. अरबी ‘इनाया’ वेगळं, त्याचा अर्थ काळजी, जपणूक. संस्कृत कोशात शोधाल तर ‘अनय’ सापडेल, म्हणजे अनीती. नाव कानाला गोड आहे, ठेवायचं तर खुशाल ठेवा, फक्त पाहुण्यांना संस्कृत म्हणून सांगू नका.

तपासताना आधी नाव कोणत्या भाषेतलं ते ठरवायचं. संस्कृत वाटलं तर आपट्यांचा कोश उघडायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ हलू द्यायचं नाही. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे सारथी. अख्खं नाव मिळालं नाही तर ‘अंश’, ‘ईशा’ असली शेपटी काढून उरलेला तुकडा बघायचा. ‘रेयांश’मधला ‘रेय’ कोशात किरण म्हणून मिळत नाही; तो इंग्रजी ‘रे’ आहे.

भटजींनी आर्द्राचा तिसरा चरण सांगितला ना? २७ नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, अशी १०८ अक्षरं. आर्द्राची कु, घ, ङ, छ. ‘ङ’वरून नाव निघत नाही, हस्ताच्या ‘ण’वरही हीच पंचाईत होते. मग त्याच नक्षत्रातलं दुसरं अक्षर घेतात. ‘कु’वरून कुमुद, कुंदा ही दोन्ही फुलांची नावं निघतात, अर्थाला कुठे शंका नाही. माझं मत कुमुदला. नाहीतर राशीचं नाव पत्रिकेपुरतं ठेवा आणि हाकेला मुक्ता म्हणा. मुक्ताईच्या मुलखात ते कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. ‘ळ’ असलेलं नाव मात्र नको, आपल्याकडे डोळ्याचा डोया होतो.

आई, पणजोबांचं ‘दगडू’ सांगताना तू चाचरतेस. आधीची मुलं जगली नाहीत की दगडू, धोंडू, भिकन, कचरू ठेवायचे. टाकाऊ वस्तूकडे मृत्यूची नजर जात नाही, हा हिशेब. मंगोलियात अशा बाळाला ‘नेर्गुई’ म्हणतात, म्हणजे ‘नाव नाही’, किंवा ‘खुनबिश’, म्हणजे ‘माणूस नव्हे’. चिनी खेड्यांत ‘गौशंग’, कुत्र्याने खाऊन उरलेलं. नायजेरियातले योरूबा लोक बाळाची समजूतच घालतात: ‘दुरोजाये’, थांब आणि आयुष्य भोग. ग्रीक ‘पेट्रोस’चा, म्हणजे पीटरचा, अर्थही दगडच; तिथे कारण दृष्ट नाही, भक्कमपणा.

‘नकुशी’ मात्र मी यात धरत नाही. दगडूत बाळ जगावं म्हणून केलेली फसवणूक आहे, नकुशीत नकार. तुर्कीत मुली नको झाल्या की ‘येतेर’, म्हणजे ‘पुरे’, ठेवत. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींना नवी नावं दिली, ते योग्यच झालं.

वाराची नावं सातपुड्यात आहेत, सोमा, बुधा, तशीच घानातल्या अकान लोकांत. कोफी अन्नानमधलं ‘कोफी’ शुक्रवारच्या मुलाचं.

आता कागद. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. दवाखान्यात बाळ झालं तर दवाखाना कळवतो. नाव मागाहून घालता येतं, नोंदणीपासून १२ महिने फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं नाव सहजी बदलत नाही, म्हणून बारशाच्या गडबडीत कोणाला पळवू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव शाळेच्या, महसुलाच्या कागदांवर बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव या क्रमाने येतं.

इंग्रजी स्पेलिंग आधीच कागदावर ठरवा. ‘ज्ञ’ आपण डी-एन-वाय लिहितो, सुरतेला जी-वाय किंवा जी-एन. दादा तिकडे राहणार असेल तर ‘ज्ञ’ची नावं बाजूलाच ठेवा, जन्मदाखला एक आणि आधार दुसरं झालं की शाळाप्रवेशाला प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. फॉर्म भरला की देण्याआधी मला फोटो पाठवा, एकेक अक्षर बघून देते.

तुमची लेक