मंत्रिमहोदय, आमच्या मुलींना आता इन्सुलिन कोण देणार?

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी आपण आमच्या मुलींच्या निवासी शाळेच्या कार्यक्रमाला आला होतात. 'इथल्या सिस्टरांचं पद मी कायम करून घेतो' असं व्यासपीठावरून म्हणालात. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. या आठवड्यात पत्र आलं. बाह्यस्रोतातून घेतलेल्या परिचारिकेची, म्हणजे माझी, सेवा महिनाअखेर बंद, विद्यार्थिनींच्या आरोग्याकडे वर्गशिक्षिकांनी लक्ष द्यावं. कारण दिलंय, कामाचा भार अत्यल्प.

हा भार कुणी मोजला? माझ्या खोलीत तर कुणी आलं नाही.

मी आधी सरकारी इस्पितळात मेडिसिन वॉर्डला होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयातही पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. मी नाईटला एकटीने चाळीस-चाळीस पेशंट पाहिलेत. तरी तिथे डॉक्टरांची लेखी ऑर्डर असायची, भिंतीला ऑक्सिजन असायचा, सकाळी पेशंटांचा ताबा घ्यायला दुसरी सिस्टर यायची. शाळेत यातलं काहीच नाही. पोट दुखतं म्हणून आलेली मुलगी पेपरला घाबरलीय, तिला पाळी येणार आहे, की अपेंडिक्स आहे, हे पोटाला हात लावून आणि चेहरा बघून ठरवायचं. चुकलं तर जबाबदार मीच. पहिले काही महिने मला धड झोप लागली नाही. वॉर्डात माणूस आजारी म्हणूनच दाखल होतो. इथे दोन-अडीचशे हसत्याखेळत्या मुलींतून आजारी कोण ते आपणच हुडकायचं असतं. ते शिकायला मला वर्ष गेलं.

प्रार्थनेच्या वेळी एखादी म्हणते, 'सिस्टर, डोळ्यांपुढे काळोख येता.' पापणी खाली ओढून बघितली की पांढरीफटक. सरकारची आठवड्याची लोहाची निळी गोळी असते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून मुली ती गुपचूप मोरीत टाकत. मी जेवणानंतर पंगतीत बसून गोळी गिळेपर्यंत हलत नाही. हे काम तुमच्या कोणत्या रकान्यात बसतं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. ते लोक मन लावून तपासतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उरलेले ३६४ दिवस?

सातवीतल्या एका मुलीला टाईप वन मधुमेह आहे. जेवणाआधी साखर तपासायची, इन्सुलिन द्यायचं. पावसात इथे दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा इन्सुलिन ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवते. कधी रात्री साखर एकदम उतरली की ती घामाने भिजून थरथरत उठते, तेव्हा लगेच साखरेचं पाणी पाजावं लागतं. उशीर झाला तर शुद्ध जाते. बीएडला हे शिकवतात का, मंत्रिमहोदय? गेल्या पावसाळ्यात नळाजवळच्या दगडी गडग्यातून फुरसं, विषारी साप, निघालं आणि एकीच्या पायाला चावलं. कुणीतरी घट्ट दोरी आवळली होती, ती मी सोडवली. पाय फळीला बांधला, सूज कुठवर आलीय तिथे पेनाने रेघ मारून वेळ लिहिली आणि गाडीत तिच्यासोबत बसले. ती वाचली. हासुद्धा अत्यल्प भारच असणार.

आता माझंही ऐका. मानधन तीन-तीन महिने रखडतं, त्यातूनही ठेकेदार कापतो. आजारपणाची रजा नाही. डेंग्यू झाला तेव्हा माझे पैसे कापले गेले. राहायला वसतिगृहाशेजारची सामानाची खोली, भिंतीला ओल. माझा मुलगा सासूबाईंकडे वाढतोय, मी त्याला रविवारी बघते, तोही प्रत्येक रविवार मिळत नाही. इस्पितळातल्या मैत्रिणी म्हणतात, 'आता तुझा आराम.' त्यांना माहीत नाही म्हणून मी सोडून देते. तुम्हाला कसं सोडू? त्या कार्यक्रमाच्या मांडवाला आणि बॅनरांना जेवढं उधळलंत, तेवढ्यात माझं वर्षाचं मानधन निघालं असतं.

न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांवर नेमलं. खरूज-नायटा, उवा, डोळे आले म्हणून मुलांना घरी पाठवत आणि औषध कुणीच करत नसे. ती मलमपट्टी करू लागली, घरी जाऊन आयांना समजावू लागली. वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या नव्वद टक्क्यांच्या आसपास घटली. याला सव्वाशे वर्षं होत आली, आणि तुम्ही असलेली परिचारिका काढताय!

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. पाहुण्यांसाठी किनारे सजले. आमचा गंभीर पेशंट मात्र आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावा लागतो. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून बांधताय. प्रत्येक निवडणुकीला कोकणी माणूस तुम्हाला आपला वाटतो. निकाल लागला की आमच्या वाट्याला असली पत्रं येतात. कंत्राटी सिस्टर, कंत्राटी शिक्षक, कंत्राटी ड्रायव्हर. कायम काय आहे तुमच्या राज्यात?

माझी मागणी साधी आहे. ते पत्र मागे घ्या आणि प्रत्येक निवासी शाळेत परिचारिकेचं कायम पद मंजूर करा, माझ्या जागी दुसरी कुणी आली तरी चालेल. तेवढंही जमणार नसेल तर येत्या १ तारखेला सकाळी नाश्त्याआधी त्या मुलीला इन्सुलिन कोण देणार, त्या व्यक्तीचं नाव मला लेखी कळवा. त्या व्यक्तीला सगळं शिकवल्याशिवाय मी ही शाळा सोडणार नाही.

आपली,
निवासी शाळेतील एक परिचारिका
सिंधुदुर्ग