चाहत्यांची चित्रे ही निव्वळ नक्कल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत नुकतेच एका निवृत्त कलाशिक्षकांचे पत्र वाचले. संगणकावर किंवा मोबाइलवर लोकप्रिय मालिकांतील पात्रे रंगवत बसणारी मुले कला शिकत नाहीत, ती केवळ नक्कल करतात, आणि एकमेकांची वाहवा करणाऱ्या चाहत्यांच्या गोतावळ्यात त्यांची वाढ खुंटते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या अध्यापनाच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर बाळगून मला असे वाटते की, हा व्यवहार त्यांनी बाहेरून पाहिला आहे. मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते आणि संध्याकाळी हौस म्हणून चित्रे काढते. मला जे थोडेफार रेखाटन येते, ते बहुतांशी अशाच एका गोतावळ्यात राहून आले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

हा गोतावळा ‘माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या चाहत्यांचा आहे. रंगीबेरंगी तट्टूंची, मुळात लहान मुलींसाठी केलेली ही मालिका. पतसंस्थेतील सहकाऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, त्यांची मला सवय झाली आहे. १० ऑक्टोबर २०१० रोजी तिचा पहिला भाग प्रसारित झाला आणि २०१९ च्या ऑक्टोबरात ती संपली. हास्ब्रो कंपनीच्या जुन्या खेळण्यांना लॉरेन फॉस्ट या अॅनिमेशनकर्तीने नवे रूप दिले आणि कोणाच्याही अपेक्षेबाहेर प्रौढ, तरुण, पुरुष, स्त्रिया असे जगभरचे प्रेक्षक तिच्या नादी लागले. त्यांतील हजारोंनी हातात पेन धरले. ज्यांनी शाळेनंतर चित्रकलेची वही उघडली नव्हती, अशांची संख्या त्यांत मोठी होती.

ही मालिका नवख्या चित्रकारासाठी सोयीची होती, याला कारण आहे. ती फ्लॅश या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरने केलेली असल्यामुळे तिच्यातील आकार स्वच्छ, रंग सपाट आणि रेषा मोजक्या होत्या. डोके म्हणजे एक वर्तुळ, त्याला जोडलेले लहानसे नाकाड, धडासाठी शेंगदाण्यासारखा आकार आणि पाय जवळजवळ नळकांड्यांसारखे. असे पात्र ज्याने कधीच काही काढले नाही त्यालाही पहिल्या बैठकीत ओळखू येण्याइतपत जमते. मात्र, तेच पात्र धावताना, मागे वळून पाहताना किंवा वरच्या कोनातून दाखवायचे ठरवले, की नळकांड्यांचे पाय पुरत नाहीत. घोड्याच्या मागच्या पायाचा सांधा आपल्या गुडघ्याच्या उलट दिशेने का वळलेला दिसतो, मान खांद्यात कुठे रुतते, तिरप्या चेहऱ्यात पलीकडचा डोळा किती अरुंद करावा, हे सारे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. मग माणूस खऱ्या घोड्यांची छायाचित्रे उघडतो, सांगाडा पाहतो, स्नायू पाहतो. सोप्या दारातून आत शिरलेल्याला अशा प्रकारे शरीररचनेच्या अभ्यासाकडे जावेच लागते, आणि तो अभ्यास त्याने स्वतःहून मागितलेला असल्यामुळे टिकतो.

पत्रलेखकांनी ज्याला वाहवा म्हटले, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. आपण काढलेले निसर्गचित्र घरच्यांना दाखवले तर ‘छान आहे’ यापलीकडे फारसे काही ऐकू येत नाही, कारण त्यातील झाड चुकले आहे हे सांगण्याइतके ते झाड त्यांनी पाहिलेले नसते. चाहत्यांच्या समूहात मात्र प्रत्येकाने ती पात्रे शेकडो वेळा पाहिलेली असतात. रेनबो डॅश या पात्राच्या अयाळीतील रंगांचा क्रम चुकला, शिंगवाल्या तट्टूचे शिंग कपाळाच्या मध्यावरून सरकले, पंखवाल्याचे पंख खांद्याऐवजी पाठीच्या मध्यातून फुटले, तर ते लगेच लक्षात येते. ही नजर किती बारीक असते, याचे एक उदाहरण सांगते. पहिल्याच भागात पार्श्वभूमीला क्षणभर दिसलेल्या एका पात्राचे डोळे तिरळे होते. चाहत्यांनी ते चित्र थांबवून टिपले, त्या पात्राला नाव दिले, आणि पुढे निर्मात्यांनीही ते पात्र मुद्दाम ठिकठिकाणी पेरले. असे प्रेक्षक हौशी चित्रकाराच्या वाट्याला एरवी येत नाहीत.

या नजरेचा सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणजे ज्याला आम्ही ‘रेडलाइन’ म्हणतो तो. आपल्या चित्रावर अनुभवी चित्रकार वेगळा लेअर, म्हणजे संगणकातील पारदर्शक थर, घेतो आणि लाल रेषेने मानेचा खरा कल, वजन पेलणारा पाय, कण्याची वळणरेषा दाखवून चित्र परत पाठवतो. मूळ चित्राला धक्का लागत नाही. लेअर बंद केला की आपले जसेच्या तसे, सुरू केला की दुरुस्ती. वर्गातील शिक्षकाला चाळीस-पन्नास मुलांच्या कागदांवर अशी दुरुस्ती करणे वेळेअभावी शक्य नसते, आणि केली तर कागद खराब होतो. रेडलाइन मागितल्याशिवाय करायची नाही, हा अलिखित नियम बहुतेक ठिकाणी पाळला जातो. कोणी केवळ आनंदासाठी चित्र टाकले असेल, तर त्यावर लाल रेघोट्या मारणे हा उद्धटपणा समजतात. नुसत्या गोड शब्दांचा तोटा नाही, हे मान्यच करते. परंतु ज्याला शिकायचे आहे त्याने ‘मला मागचे पाय जमत नाहीत, रेडलाइन हवी’ असे स्पष्ट लिहिले, तर उत्तर सहसा येते.

तंत्राचेही तसेच आहे. क्रिता हे चित्रे काढण्याचे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते, लहान पेन-टॅब्लेट काही हजारांत येते, आणि तेही नसेल तर मोबाइलवर बोटाने काढणारे पुष्कळ आहेत. परंतु सॉफ्टवेअर उघडल्यावर समोर दिसणारी शेकडो बटणे कोण समजावणार? कच्चे रेखाटन फिकट निळ्या रंगात ठेवून त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करावी, वरच्या लेअरवर पक्की रेषा काढावी, सपाट रंग भरून झाल्यावर सावलीसाठी खालचा रंग गडद करणारा मल्टिप्लाय लेअर वापरावा, रेषा थरथरत असेल तर स्टॅबिलायझर लावावा, ही कामाची पद्धत एकमेकांच्या फाइली उघडून पाहत शिकली जाते. चित्र आडवे उलटून पाहण्याची सवयही अशीच लागते. क्रितामध्ये ‘एम’ कळ दाबली की चित्र आरशातल्यासारखे दिसते, आणि आतापर्यंत नजरेला सरावलेला वाकडा चेहरा एकदम खुपू लागतो. ही युक्ती आरसा समोर धरून काम करणाऱ्या जुन्या चित्रकारांना माहीत होतीच. आता ती एका कळीवर आली आहे.

या चाहत्यांनी २०११ च्या उन्हाळ्यापासून नवशिक्यांसाठी एक उपक्रम चालवला. त्यात महिनाभर रोज एक विषय दिला जाई आणि आलेली चित्रे, मग ती कोणत्याही दर्जाची असोत, एकत्र प्रसिद्ध केली जात. त्यात क्रमांक नव्हते आणि बक्षिसेही नव्हती. माझ्या मते त्यातील खरा लाभ असा, की रोजच्या मुदतीमुळे चित्र अर्धवट सोडता येत नाही. हौशी माणसाच्या संगणकात अपुऱ्या चित्रांचा ढीग साचतो, कारण अवघड भाग आला की तो नवे चित्र सुरू करतो. रात्री बारापर्यंत पाठवायचेच आहे म्हटले, की खूरही काढावे लागतात आणि पार्श्वभूमीही.

आता नक्कल या आक्षेपाकडे येते. आपल्याच राज्यातील कलाशिक्षणाचा इतिहास पाहिला तर नकलेला एवढे हिणवण्याचे कारण दिसत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या आणि हे काम मध्ये खंड पडत १८८५ पर्यंत चालले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले. ती नक्कल होती, तशी ती शिक्षणही होती. अजिंठा आणि तट्टूंची मालिका यांची योग्यता एक आहे, असे मी म्हणत नाही. दुसऱ्याने घेतलेले निर्णय हाताने पुन्हा घेऊन पाहण्याची प्रक्रिया मात्र दोन्हीकडे सारखी आहे.

कलाशिक्षकांच्या त्याच पत्रात चाहत्यांची चित्रे आणि २०२५ च्या मार्चमध्ये ज्यांची लाट आली होती ती, छायाचित्रावरून संगणकाने जपानी अॅनिमेशनच्या धर्तीवर करून दिलेली चित्रे, एकाच पंक्तीला बसवली आहेत. हे मात्र मला अजिबात पटत नाही. तयार होऊन आलेल्या चित्रात माणसाने एकही रेषा ठरवलेली नसते, त्यामुळे त्यावर रेडलाइन करून शिकवण्यासारखेही काही उरत नाही. चाहत्यांच्या समूहांतूनच अशा चित्रांना तीव्र विरोध झाला आहे, हे पत्रलेखकांच्या कानी गेलेले दिसत नाही.

तथापि, या गोतावळ्यात सारे आलबेल आहे, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्षानुवर्षे तट्टूच काढणाऱ्याला माणसाचा हात काढता येत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. खुरांना बोटे नसतात, त्यामुळे तो प्रश्न कधी पुढ्यात येतच नाही. पार्श्वभूमी म्हणून एक हिरवी टेकडी आणि निळे आकाश रंगवून भागते. शिवाय लोकप्रिय पात्राच्या चित्राला शेकडो पसंतीच्या खुणा मिळतात आणि कष्टाने केलेल्या अभ्यासचित्राकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा हात आपोआप सोप्या, खपणाऱ्या चित्राकडे वळतो. येथे पत्रलेखकांचा इशारा योग्य आहे. शासकीय रेखाकला परीक्षेतील वस्तुचित्र आणि स्मरणचित्र ज्यांना शाळेत कंटाळवाणे वाटले, त्यांनी या टप्प्यावर पुन्हा तांब्या-पेला समोर ठेवून बसावे, एस.टी. स्थानकावर वही घेऊन जावे, असे मी कोणालाही सांगेन. चाहत्यांच्या समूहात हे कोणी सक्तीने करून घेणार नाही.

दुसरी त्रुटी गिरवण्यासंबंधी आहे. मालिकेतील चौकट, म्हणजे थांबवलेले दृश्य, खाली ठेवून त्यावरून रेषा काढणे हा सुरुवातीचा सराव म्हणून निर्दोष आहे. तेच चित्र स्वतःची रचना म्हणून मांडणे मात्र खोटेपणा ठरतो, आणि एखाद्या सहचाहत्याचे चित्र गिरवून नाव लपवणे तर सरळ चोरी आहे. आमच्याकडे यावरून भांडणे होतात आणि ती व्हावीतही. संदर्भ कोणता घेतला, रचना कोणाची, रंग कोणाचे, हे चित्राखाली लिहिण्याची शिस्त नवख्याला पहिल्या आठवड्यात लावली जाते. ही शिस्त शाळांतील स्पर्धांत मला क्वचितच दिसली आहे.

पैशांचा प्रश्न आला की गोष्टी अधिक नाजूक होतात. पात्रे कंपनीच्या मालकीची असतात. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात खासगी वापर, टीका आणि समीक्षा यांसाठी सवलत आहे. छापील प्रती काढून विकणे ही वेगळी बाब आहे. या बाबतीत याच चाहत्यांमधील एक घटना बोलकी आहे. काही हौशींनी एकत्र येऊन मालिकेतील पात्रांचा एक लढतीचा संगणकीय खेळ अनेक महिने खपून तयार करत आणला होता. २०१३ च्या फेब्रुवारीत हास्ब्रोने तो थांबवण्याची नोटीस दिली आणि काम बंद पडले. त्यानंतर मालिकेच्या जनक लॉरेन फॉस्ट यांनीच त्यांना नवी, स्वतंत्र पात्रे रेखून दिली, आणि तो खेळ ‘देम्स फायटिन हर्ड्स’ या नावाने २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. पात्रे हातची गेली, परंतु ती हलवता हलवता मिळवलेले कौशल्य त्या मंडळींकडेच राहिले. पत्रलेखकांनी वाढ खुंटण्याचा जो निष्कर्ष काढला आहे, त्याच्याशी हे जुळत नाही.

पालकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवते. अशा समूहांत निरनिराळ्या वयाची अनोळखी माणसे असतात आणि सर्वच चित्रे मुलांनी पाहण्याजोगी नसतात. शाळकरी मुलामुलींनी खरे नाव, शाळा, पत्ता देऊ नये, खासगी संदेशांना मोठ्यांना विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये आणि घरातील कोणा मोठ्याने अधूनमधून डोकावत राहावे. एवढी दक्षता घेणे आवश्यकच आहे. त्यासाठी पेनच काढून घेण्याची गरज नाही.

शेवटी दोन सूचना करते. शाळांतील संगणक कक्षांत क्रिता बसवण्यास परवान्याचा खर्च येत नाही. कलाशिक्षकांनी महिन्यातून एखादा तास मुलांच्या आवडत्या पात्रांवर घेतला आणि वर्गातच एकमेकांच्या चित्रांवर रेडलाइन करायला लावली, तर समूहातील चांगला भाग अनोळखी माणसांशिवाय वर्गात येईल. दुसरी सूचना आपल्या दैनिकाला आहे. रविवारच्या पुरवणीत मुलांची चित्रे छापताना पूर्ण झालेल्या चित्राशेजारी त्याचे कच्चे रेखाटन आणि वापरलेला संदर्भही छापावा. जागा थोडी जास्त लागेल. त्यासाठी चित्रांची संख्या कमी केली तरी चालेल.

आपली नम्र,
एक हौशी चित्रकर्ती, सातारा