अपूर्णांकांच्या खेळातले घड्याळ बंद करा

मा. संपादक,

पाचवीतली मुले टॅबवर अपूर्णांकांचा खेळ टपाटप खेळतात, तारे मिळवतात. मग फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून मोठा कोणता असे विचारले की निम्मा वर्ग छातीठोकपणे १/४ सांगतो. का, तर तीनपेक्षा चार मोठा! जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कोणालाही हे नवे नाही. म्हणून अ‍ॅप नकोच, असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः वर्गात वापरते. तक्रार आहे ती खेळ निवडण्याच्या पद्धतीबद्दल.

बहुतेक खेळांत चार पर्याय आणि वर पळणारे घड्याळ असते. डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरी चारातून एकदा बरोबर येतेच. विचार करणारी पोरगी मागे पडते आणि अंदाजपंचे खेळणारा पुढे जातो. १/२ अधिक १/३ बरोबर २/५, ही तर घरोघरची चूक, वरची वर बेरीज आणि खालची खाली. खेळ लाल फुली दाखवून पुढचा प्रश्न टाकतो. पण २/५ म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसे झाले, हा प्रश्न विचारायला तिथे कोणी नसते.

उलट कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ (PhET) हे गणित-विज्ञान करून बघायचे साधन पाहा. फुकट आहे, मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून ठेवले की नेटशिवाय चालते. आमच्याकडे ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. त्यात मूल स्वतः छेद वाढवते, तुकडे बारीक होताना बघते, तेच उत्तर संख्यारेषेवर कुठे बसते तेही बघते. १/४ लहान का, हे तिथे सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण पिझ्झाची. (आमच्या तालुक्यातल्या लेकरांनी तो बहुधा अ‍ॅपमध्येच पाहिला असेल.) भाकर घेतली तरी अडचण तीच. गोलाचे चार तुकडे केल्यावर ५/४ दाखवायला पाचवा कुठून आणायचा? मुलांना वाटते, गणितच चुकले. पण हीच मुले सव्वा एकर वावर रोज ऐकतात. एकराचे ४० गुंठे, पाव एकराचे १०, म्हणजे सव्वा एकर ५० गुंठे. अडीच एकर दोघा भावांत वाटले तर प्रत्येकाला तेवढेच येते. हे आधी वहीत चौकोन आखून करून घेतले, मग टॅब हातात दिला, तर ५/४ ला कोणी अडत नाही. बटईच्या, म्हणजे वाट्याने केलेल्या शेतीच्या, हिश्शावरून तर सहावीतला गुणाकारही निघतो.

अ‍ॅपवरचा गृहपाठ मात्र देऊ नये. घरात फोन एकच असतो आणि तो बाबांसोबत वावरात जातो. वर्गातच दोघातिघांत एक टॅब द्यावा, आणि बोट लावण्याआधी शेजाऱ्याला कारण सांगायचे, एवढा एकच नियम ठेवावा. गलका होतो, होऊ द्यावा.

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या ‘निपुण भारत’ या सरकारी अभियानाचे लक्ष तिसरीपर्यंत आहे. अपूर्णांकांचा खरा घाट चौथी-पाचवीत लागतो आणि तिथे मदत पातळ होत जाते. वरून विचारणा होते ती किती मुलांनी अ‍ॅप उघडले याची. लिंकवर आकडा भरला की काम संपले. त्याऐवजी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक तास शिक्षकांनी हे खेळ स्वतः खेळून पाहावेत. जाहिराती असलेले आणि घड्याळ बंद न करता येणारे खेळ तिथेच बाद करावेत. उरलेले, नेटशिवाय चालणारे, पेनड्राइव्हवर प्रत्येक शाळेला द्यावेत. याला वेगळा निधीही लागणार नाही. पुढच्या सत्रात पाचवीचा अपूर्णांकांचा पाठ सुरू होण्याआधी हे झाले तर उपयोग आहे.

– एक शिक्षिका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ